पलंग वेगळा, होडी वेगळी

मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिने झोपायला होडी मागितली. त्या हट्टातून मी पहिला पलंग केला, मग ओळखीतल्या मुलांसाठी आणखी काही. दर वेळी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: पलंग वेगळा, होडी वेगळी. म्हणजे पलंग साधाच करायचा आणि होडीचा आकार त्याला वरून, काढता येईल असा जोडायचा.

आधी मुलाच्या हातात खडू द्या. मी शीड आणि डोलकाठीच्या विचारात होते, पण तिच्या चित्रात शीड नव्हतंच. होती एक गोल खिडकी आणि खिडकीत टॉर्च. मग मी खिडकीवरच मेहनत घेतली. भोक 3 इंचांचं ठेवलं. त्यात टॉर्च मावते, डोकं शिरत नाही. मोठी भोकं आणि कठड्याच्या फटी ठेवताना हा विचार आधी करा.

पलंगाची चौकट साधी, चौकोनी, 18 मिमी प्लायची. माप गादीवरून घ्या. कडेला बोटभरच जागा सोडा, म्हणजे चादर खोचता येते आणि हातपाय अडकत नाहीत. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) आकार छान देता येतो, पण त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि पाणी लागलं की तो फुगतो. म्हणून तो फक्त सजावटीच्या भागाला वापरा.

होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोकदार तोंड, आधी पुठ्ठ्यावर खऱ्या मापात कापून जागेवर उभी करा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. आमच्याकडे मुलगी तिच्याभोवती धावत होती तेव्हा दिसलं, नाळेचं टोक बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला येत होतं. टोक खाली घेतलं, गोल केलं.

नाळ चौकटीला बोल्टने जोडा. प्लायमध्ये टी-नट (लाकडात ठोकून बसवायची, आतून आटे असलेली धातूची चाकी) ठोकून घ्या, कारण साधा स्क्रू दोन-तीनदा काढला-लावला की भोक सैल होतं.

कडा राउटरने (कडा कोरायच्या यंत्राने) किंवा रंध्याने गोल करून 80, 120, 220 अशा, खरखरीतकडून बारीककडे जाणाऱ्या क्रमाने पॉलिश पेपर मारा. मग नायलॉनचा जुना मोजा हातात घालून सगळीकडे फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे पुन्हा घासा. नुसत्या हाताला ही कुसं कळत नाहीत. रंग पाण्यात मिसळणारा घ्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय मुलाला तिथे झोपवू नका.

कपाट किंवा उंच शेल्फ करणार असाल तर ते भिंतीला पक्कं करा, मुलं कप्प्यांवर पाय देऊन चढतातच. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल नको.

सातव्या वर्षी मुलीला होडी नको झाली, तारे हवे झाले. चार बोल्ट काढले, नाळ उतरवली. उरलेल्या चार भोकांत त्याच मापाच्या आट्यांच्या खुंट्या बसल्या. सध्या एकीवर दप्तर असतं, एकीवर टॉर्च.