विकेंद्रित सोशल नेटवर्क मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात जाऊ नये म्हणून काय करावे?

गूगल टॉक ही संदेशसेवा २००५ साली सुरू झाली ती एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या संदेशवहनाच्या सामायिक नियमांवर. पुढच्याच वर्षी छोट्या, स्वतंत्र सर्व्हरवरचे लोकही गूगलच्या वापरकर्त्यांशी थेट बोलू लागले. २०१३ मध्ये त्याच्या जागी गूगलचे हँगआउट्स आले आणि त्यात हा दुवा ठेवलाच नाही. प्रोटोकॉल खुला राहिला, माणसे मात्र पलीकडे अडकली. मॅस्टोडॉनसारखी विकेंद्रित नेटवर्के, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडून बनलेली, ज्या खुल्या प्रोटोकॉलवर चालतात त्या अ‍ॅक्टिव्हिटीपबशी आता फेसबुकवाल्या मेटाचे थ्रेड्स हे सोशल नेटवर्क जोडले गेले आहे. म्हणून तयारी आत्ताच हवी.

सुरुवात तुमचे खाते ज्यावर राहील तो सर्व्हर निवडण्यापासून करा. यादीतला पहिला, सर्वांत मोठा सर्व्हर घेऊ नका, तो कितीही भल्या लोकांचा असला तरी. गर्दी एकाच ठिकाणी साचली की तो सर्व्हर विकत घेणे किंवा त्याच्यावर दबाव आणणे सोपे होते. मध्यम आकाराचा सर्व्हर शोधा. तो कोण चालवतो, खर्च कुठून भागतो आणि नियम काय आहेत, हे त्याच्या माहिती-पानावर वाचा.

दुसरे काम लोक सर्वाधिक टाळतात आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे. सेटिंग्जमधून तुम्ही फॉलो करत असलेल्यांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी अधूनमधून उतरवून घ्या. सर्व्हर बदलायचा झाल्यास नव्या खात्यात आधी जुन्या खात्याचा पत्ता नोंदवा, मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करा. फॉलोअर नव्या खात्याकडे वळतात, जुन्या पोस्ट मात्र तिथेच राहतात. हे सगळे जुना सर्व्हर चालू असतानाच करता येते, तो बंद पडल्यावर नाही.

मग पैसे. सर्व्हरचे भाडे आणि तक्रारी निस्तरणाऱ्यांचे श्रम फुकट नसतात. दरमहा थोडी रक्कम द्या. थकलेला, कर्जात बुडालेला चालक कंपनीचा प्रस्ताव किती काळ नाकारू शकेल?

कंपनीचा सर्व्हर नको असेल तर त्याचे डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःपुरते ब्लॉक करता येते. पण तुमच्या सार्वजनिक पोस्ट वेबवर कुणालाही दिसतच राहतात, हे लक्षात असू द्या. सर्व्हर चालवणाऱ्यांकडे अधिक उपाय आहेत: त्या सर्व्हरची पोहोच मर्यादित करणे किंवा संबंध पूर्ण तोडणे. सोबत 'ऑथराइज्ड फेच' (पोस्ट मागणाऱ्या सर्व्हरला आधी ओळख पटवायला लावणारी सेटिंग) सुरू केले तर ब्लॉक केलेल्या सर्व्हरला पोस्ट ओढून नेणे अवघड जाते. सरसकट तोडावे की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत. निर्णय सदस्यांना विचारून घ्यावा, एवढा माझा आग्रह आहे.

संस्था चालवत असाल तर स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर उभारा. जर्मनीत संघीय सरकारी कार्यालयांसाठी सोशल.बुंड.डीई हा स्वतंत्र मॅस्टोडॉन सर्व्हर आहे. पत्त्यावरूनच खाते खरे आहे हे कळते, त्यासाठी कुठल्याही कंपनीच्या निळ्या खुणेची गरज पडत नाही.