आजारी मुलाच्या अभ्यासाची तयारी: आधी काय सोडायचं ते ठरवा

मूल काही महिने शाळेत जाऊ शकणार नाही हे कळलं की घरचे आधी पाठ्यपुस्तकं गोळा करायला लागतात. पुस्तकं राहू द्या. पहिलं काम डॉक्टरांकडून शाळेसाठी पत्र घेण्याचं. त्यात नुसतं आजाराचं नाव असून भागत नाही. गैरहजेरी अंदाजे किती आठवडे, दिवसाकाठी किती वेळ बसता येईल, संसर्गाची भीती आहे का, जिने चढायचे का, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागेल का, हे शाळेला हवं असतं. प्रश्न कागदावर लिहूनच न्या, नाहीतर ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढी एक ओळ हातात पडते. लेखनिकाचा अर्ज परीक्षेच्या तोंडावर करू नका, मंजुरीत दिवस जातात.

पत्र घेऊन शाळेत गेलात की संपर्कासाठी एकच माणूस मागा. सात शिक्षकांनी सात बाजूंनी गृहपाठ धाडला तर तो कुणाच्याच हातून होत नाही. वर्गशिक्षकांनी सगळं गोळा करून आठवड्यातून एकदा द्यावं, सोबत फळ्याचे फोटो. आणि त्यांना तोंडावर विचारा, यातलं काय सोडलं तर चालेल? हा प्रश्न विचारायला आईवडील कचरतात. मी अशा मुलांना खाटेपाशी बसून शिकवते, त्या अनुभवावरून सांगते: गणित आणि भाषा धरून ठेवा, कारण तिथे मधली पायरी निसटली की पुढचं अडतं. बाकी विषयांतले बरेच धडे ओलांडून पुढे गेलं तरी बिघडत नाही.

मोठ्या रुग्णालयात मुलांसाठी शिक्षक आहेत का, याची चौकशी दाखल होतानाच करा. मागायला संकोच वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा: शिक्षण हा मुलाचा हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या कलम २८ मध्ये लिहिलेलं आहे, आणि रुग्णालयातल्या मुलांसाठी १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे केलेल्या युरोपीय सनदेतही वय आणि प्रकृतीला साजेशा शिक्षणाचं कलम आहे.

वेळापत्रक मात्र लगेच आखू नका. आधी तीन-चार दिवस नुसती नोंद ठेवा: मूल ताजंतवानं केव्हा असतं, औषधानंतर किती वेळ गळून जातं. केमोथेरपीत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी औषध दिल्यापासून बहुतेकदा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातात, तेव्हा कुणी घरी येऊन शिकवण्याचा बेत पुढे ढकला. केमोथेरपीतल्या व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधाने बोटांतली ताकद कमी होऊ शकते. अक्षर बिघडलं म्हणून रागावण्याआधी हे आठवा, आणि उत्तरं तोंडी घ्या. स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड वाढते, त्यावर पाढे पाठ करून घेणं हा उपाय नव्हे. डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीनदा, दर वेळी चारेक तास चालतं. त्या वेळात गोष्ट ऐकता येते, सोपं वाचन होतं, पण ती संध्याकाळ मोकळी सोडा. काही आजारांत आज जास्त ताण झाला तर शरीर उद्या-परवा कोसळतं. अशा मुलाला दमल्यावर नाही, दमण्याआधी थांबवायचं. पंधरा-वीस मिनिटं नीट झाली तर तो दिवस भरला.

रुग्णालयाच्या पिशवीत जाडजूड वह्या नकोत. परीक्षेचं पॅड, सुटे कागद, जाड पेन्सिल, हेडफोन, लांब वायरचा चार्जर, आणि पुसता येतील अशा प्लास्टिकच्या फायली. संसर्ग टाळायला मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणार असतील तर घरचं काय आत नेऊ देतात ते नर्सला आधी विचारा. मूल कोणत्या हाताने लिहितं हेही त्यांना सांगा, म्हणजे जमलं तर सलाईनची सुई दुसऱ्या हाताला लावतील. इतकी साधी गोष्ट, पण आठवत कुणालाच नाही.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं हे मुलालाच विचारा. काहींना आजाराचं नाव सांगायचं असतं, काहींना अजिबात नाही. मित्रांची चिठ्ठी, व्हिडिओ कॉलवर अर्धा तास वर्गात बसणं, हे मी गृहपाठाच्या वर ठेवते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलासाठी आणखी एक सूचना शाळेला लेखी द्या: वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा. मूल अधूनमधून शाळेत जात असेल, किंवा भावंडं त्याच शाळेत असतील, तर हे फार महत्त्वाचं, कारण प्रतिबंधक उपचार पहिल्या काही दिवसांतच करावा लागतो.

परतीची तयारीही आत्ताच सुरू करा. सुरुवात अर्ध्या दिवसाने, शक्यतो मधल्या सुट्टीला धरून. न विचारता स्वच्छतागृहात जायची परवानगी, पाण्याची बाटली जवळ, वर्ग तळमजल्यावर. पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवायला सांगा, म्हणजे दप्तर रिकामं राहील.