सरकारी कामात एआय: सहीपुरता माणूस ठेवू नका, आणि इतर चुका

अर्जांची छाननी, लाभार्थ्यांची निवड, संशयास्पद प्रकरणे शोधणे अशा कामांत एआय आले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अंतिम निर्णय माणूसच घेतो.’ बहुतेक गडबड याच वाक्याच्या आड होते.

सही माणसाची, निर्णय यंत्राचा

अधिकाऱ्यापुढे शिफारस तयारच येते. रोज किती प्रकरणे निकाली काढायची हे ठरलेले असते. शिफारस मान्य केली तर एक क्लिक पुरते. नाकारली तर कारणे लिहा, वरिष्ठांना उत्तरे द्या. अशा वेळी प्रामाणिक माणूसही मान डोलावतो. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण कामाची घडीच तशी बसवलेली असते. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यात यंत्रावर आंधळेपणाने विसंबण्याच्या या प्रवृत्तीचा उल्लेख आहे, आणि उच्च जोखमीच्या प्रणालीचे उत्तर बाजूला सारण्याची मुभा देखरेख करणाऱ्याला असावी, असेही त्यात म्हटले आहे.

आपल्याकडे असे होते आहे का, हे तपासता येते. शिफारस किती वेळा बदलली गेली, याची नोंद काढा. महिनोन्महिने एकदाही बदलली नसेल, तर यंत्र अचूक आहे असे मानण्याआधी काही फाइली उघडून वाचा. पूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणांना मुद्दाम चुकीची शिफारस जोडून ती सरावासाठी द्या. कोण पकडतो ते कळेल. किचकट प्रकरणांत अधिकाऱ्याचे मत आधी नोंदवले जावे, शिफारस नंतर दिसावी. आणि रोजचे उद्दिष्ट कमी करा. वेळ दिला नाही, तर बाकीचे सगळे उपाय कागदावरच राहतात.

माणूस पूर्णच वगळला की काय होते, हे अमेरिकेतील मिशिगन राज्याने पाहिले. 2013 ते 2015 या काळात तिथल्या ‘मिडास’ प्रणालीने बेरोजगार भत्त्यातली फसवणूक परस्पर ठरवली. अशी सुमारे 22,000 प्रकरणे नंतर तपासली, तेव्हा त्यांतली 93 टक्के चुकीची निघाली.

शंका यंत्राला, पुरावा नागरिकाकडून

ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ योजनेत वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी विभागणी करून सरकारी भत्ता घेणाऱ्या लोकांच्या नावावर थकबाकी काढली गेली. भत्ता मात्र त्या-त्या पंधरवड्याच्या प्रत्यक्ष कमाईवर ठरत असे. ज्यांना वर्षातले काही महिनेच काम मिळाले, ते विनाकारण कर्जदार ठरले, आणि जुन्या पगारपावत्या शोधण्याची वेळ त्यांच्यावरच आली. 2023 मध्ये चौकशी आयोगाने या योजनेवर कडक ताशेरे ओढले. यंत्राला शंका आली, तर वसुलीची नोटीस काढण्याआधी खातरजमा कार्यालयाने करायची.

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या अर्जांची जोखीम ठरवताना राष्ट्रीयत्वही विचारात घेतले गेले. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने राजीनामा दिला. म्हणून प्रणाली कोणते निकष वापरते, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. ‘व्यावसायिक गुपित’ हे उत्तर मान्य करू नका.

एआयकडून मसुदे लिहून घेताना कलमांचे आणि परिपत्रकांचे क्रमांक मूळ कागदावरून पडताळा. अर्जदारांची माहिती बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका.

खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना खरेदीनंतर प्रशिक्षणाला बोलावण्यापेक्षा खरेदीआधी विचारा. कोणता रकाना लोक चुकीचा भरतात, कोणती नोंद जुनी असते, हे त्यांना पाठ असते. नकाराच्या प्रत्येक पत्रावर कोणती माहिती धरली, ती कशी दुरुस्त करायची आणि कोणत्या अधिकाऱ्याला भेटायचे, हे साध्या मराठीत छापा.