काडीला मुळं फुटेपर्यंत: घरच्या घरी कटिंग कसं लावावं

जास्वंदाची फांदी कुंडीत खोचली, आठवड्याभरात तिला कोवळी पालवी आली, घरादाराला दाखवूनही झाली आणि मग एके दिवशी तिने मान टाकली. कटिंग लावणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. पालवी फुटली म्हणजे कटिंग लागलं, असं आपण धरून चालतो. पण फांदीत साठलेल्या अन्नाच्या जोरावर डोळे (फांदीवरचे कोंब) फुटू शकतात, त्यासाठी मुळं असावी लागत नाहीत. उलट ही नवी पानं पाणी मागू लागतात आणि ते पुरवायला खाली कोणीच नसतं.

कापलेल्या फांदीचं मुख्य दुखणं हेच. पानांतून पाणी उडत राहतं आणि भरपाई होत नाही. मुळं यायला झाडाप्रमाणे साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर फांदी सुकू द्यायची नाही आणि कुजूही द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं. एकापासून वाचवायला जावं तर दुसरं गाठतं, म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये जरा हात सांभाळून काम करायचं.

आधी फांदी निवडा

झाड निरोगी हवं. किडलेल्या, मरगळलेल्या झाडाची फांदी लावून ते झाड 'वाचवायला' जाऊ नये, रोग तेवढा नव्या कुंडीत येतो. नुकतंच भरपूर खत घातलेल्या झाडाचे लुसलुशीत धुमारेही टाळा, ते लवकर कुजतात.

जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांची अर्धपक्व फांदी घ्यावी. म्हणजे शेंडा हिरवा, पण बुडाकडे साल घट्ट होऊन तपकिरी पडायला लागलेली. गुलाबासाठी फूल नुकतंच गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी चांगली. अंजीर, डाळिंब, द्राक्ष यांच्या पक्व, पानं गळालेल्या काड्या लागतात. तुळस, पुदिना, कोलियस यांचे कोवळे शेंडे पुरतात. कळ्या असलेली फांदी शक्यतो नको. घ्यावीच लागली तर कळ्या खुडून टाका, कारण फुलण्याच्या नादात असलेली फांदी मुळांकडे लक्ष देत नाही.

आदल्या दिवशी झाडाला नीट पाणी द्या आणि सकाळी कापा. रात्रभर पाणी पिऊन फांद्या तेव्हा तट्ट असतात. दुपारी कापलेली फांदी अर्धी सुकलेलीच हातात येते.

काप

सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) किंवा ब्लेड धारदार हवं आणि स्पिरिटने पुसलेलं हवं. बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागी बुरशी शिरते. दहा ते पंधरा सेंटिमीटरचा, तीन-चार पेरं (पान जिथून फुटतं त्या गाठी) असलेला तुकडा घ्या. खालचा काप पेराच्या जेमतेम खाली, तिरका. वरचा काप पेराच्या थोडा वर, सरळ. शेंड्याचं कटिंग असेल तर वर कापायचा प्रश्नच नाही.

तिरक्या कापाने मुळं जास्त येतात असं ऐकायला मिळतं. त्याचा खरा उपयोग मात्र साधा आहे: पानं नसलेल्या काडीचं खालचं टोक कोणतं, ते चटकन कळतं. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण मुळं फुटण्याचा इशारा देणारं ऑक्सिन हे द्रव्य शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि कापाजवळ येऊन साचतं. काडी उलटी खोचली तर ती सहसा लागत नाही.

आता खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. ती मोठी असतील तर प्रत्येक पान आडवं कापून निम्मं करा. सगळीच पानं ओरबाडून काढायचा मोह होतो, पण हिरवी पानं अन्न बनवतात आणि ऑक्सिनही देतात. पानं असलेल्या कटिंगला पूर्ण बोडकं केलं तर मुळं यायला उशीर होतो किंवा येतच नाहीत. कापल्यापासून लावेपर्यंत तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

चाफा, निवडुंग, शेर अशा चिकाच्या किंवा मांसल झाडांचा नियम नेमका उलटा. त्यांचा काप सावलीत आठवडाभर कोरडा होऊ द्यावा, वर खपली धरली की मगच लावावं. ओल्या कापाने लावलं तर बुडापासून सडतं.

मुळं आणणारी पावडर लावावी का?

बाजारात मिळणाऱ्या पावडरीत बहुधा इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड, म्हणजे आयबीए असतं. ते ऑक्सिनच्याच कुळातलं. बोगनवेल, गुलाब यांसारख्या नखरेल झाडांना तिचा फायदा होतो: मुळं लवकर येतात आणि जास्त येतात. तुळस, पुदिना, मनीप्लांट यांना तिची काहीच गरज नाही. जास्वंदही बऱ्याचदा तिच्याशिवाय लागतं.

लावताना थोडी पावडर कागदावर काढून घ्या, ओलसर बूड त्यात टेकवा आणि काडी टिचकी मारून झटका. डबीत थेट काडी बुडवली तर सगळी डबी ओल आणि बुरशीने खराब होते. उरलेली पावडर परत डबीत ओतू नका. जाड थर दिला म्हणून जास्त मुळं येत नाहीत, मात्रा जास्त झाली तर बूड काळं पडतं. कोवळ्या फांदीला सौम्य पावडर आणि पक्व काडीला तीव्र, हे डबीवर लिहिलेलं असतं, ते पाळावं.

मध, हळद, दालचिनी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यांनी बुरशीला थोडाफार आळा बसेल, पण त्या आयबीएची जागा घेत नाहीत. माझं मत विचाराल तर पावडरीवर खर्च करण्याआधी झाकणाकडे लक्ष द्यावं. त्याबद्दल पुढे सांगतोच.

कशात लावायचं

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) समप्रमाणात, किंवा पर्लाइट नसेल तर धुतलेली जाडी वाळू. खत नको, शेणखत तर नकोच. फुटू पाहणाऱ्या मुळांना अन्नापेक्षा हवा जास्त लागते आणि बागेतली चिकट माती पाणी धरून ती हवाच कोंडते. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. ओल किती हवी? मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांमधून एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

भांडं लहान आणि बुडाला भोकं असलेलं घ्या. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. पेन्सिलीने आधी भोक पाडून मग काडी ठेवा, नाहीतर खुपसताना पावडर घासून निघते. किमान एक, जमल्यास दोन पेरं आत जायला हवीत. बाजूने हलकं दाबा म्हणजे पोकळी राहणार नाही.

तुळस, पुदिना, कोलियस नुसत्या पाण्याच्या ग्लासातही लागतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं आणि एकही पान बुडू द्यायचं नाही. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, म्हणून दोन-तीन सेंटिमीटरची झाली की लगेच मातीत हलवा. ती हातभर लांब होईपर्यंत कौतुक करत बसू नका.

झाकण, आणि त्याची रोजची देखरेख

कटिंग फसतं ते बहुतेकदा इथे. भांड्यावर पारदर्शक पिशवी चढवा किंवा बूड कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी ठेवा. आतली हवा दमट राहिली की पानांतून पाणी उडणं जवळजवळ थांबतं. पिशवी पानांना चिकटू नये म्हणून आत दोन काड्या रोवा.

जागा उजेडाची, पण उन्हाची नाही. झाकलेल्या भांड्यावर थेट ऊन आलं की आत भट्टी होते आणि तासाभरात पानं शिजतात. २१ ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब बहुतेक झाडांना मानवते. पंख्याचा झोत आणि एसीखालची जागा टाळा.

रोज सकाळी पिशवीकडे बघा. आतून धुक्यासारखा पातळ थर दिसला तर सगळं ठीक आहे. पाण्याचे ओघळ येत असतील तर दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा. पूर्ण कोरडी दिसली तर फवाऱ्याने पाणी मारा. खालच्या मिश्रणात मात्र ओल कमी झाल्याशिवाय पाणी ओतू नका.

थांबायचं कसं

काडी उपसून बघू नका. सुरुवातीला कापाच्या कडेला पांढरट, खडबडीत गाठ येते. तिला कॅलस म्हणतात. ती म्हणजे मुळं नव्हेत, जखम भरून येतेय एवढाच तिचा अर्थ. मुळं त्यानंतर तिच्या आसपासून किंवा पेराजवळून फुटतात. केसाएवढी ही मुळं एका उपटण्यात तुटतात. पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात लावलं आणि बाहेरून कागद गुंडाळला, तर कागद सरकवून डोकावता येतं. उतावळ्या माणसांसाठी हा उत्तम मार्ग.

तीन आठवड्यांनी काडीला अगदी हलका ताण द्या. ती जागची धरून राहिली तर मुळं आली. सुळकन वर आली तर परत दाबून ठेवा. एखादं पान पिवळं पडून गळलं तर घाबरू नका, पण गळलेलं पान आत कुजत ठेवू नका. सगळी पानं गळाली तर नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर काडीत जीव आहे. बूड काळं, मऊ आणि वास येणारं झालं असेल तर मिश्रणासकट फेकून द्या. तेच मिश्रण पुन्हा वापरलं तर पुढचं कटिंगही त्याच वाटेने जातं.

झाकण काढण्याची घाई नको

मुळं आली की झाकण एकदम उचलू नका. दमट हवेत वाढलेली पानं बाहेरच्या हवेत तासाभरात कोमेजतात. पहिल्या दिवशी थोडा वेळ उघडा, मग रोज वेळ वाढवत आठवड्याभरात पूर्ण काढा. त्यानंतर मुळांभोवतीचा गोळा न फोडता दहा-बारा सेंटिमीटरच्या कुंडीत, पाणी निचरणाऱ्या मातीत हलवा आणि काही दिवस सावलीतच ठेवा. खत नवी पानं नीट आकाराला आल्यावर, तेही अर्ध्या मात्रेने. कुंडीत चार-पाच नवी पानं आली की शेंडा खुडा, बाजूच्या डोळ्यांना फांद्या फुटतील.

गुलाबाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. विकत आणलेलं झाड बहुधा दुसऱ्या काटक गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, तयार केलेलं असतं. त्याच्या फांदीपासून केलेलं रोप स्वतःच्या मुळांवर उभं राहतं, त्यामुळे फूल तेच येईल, जोम मात्र तितकाच असेल असं नाही. पहिलं वर्षभर त्याच्या कळ्या खुडत राहा.