सुई काढल्यानंतरचा प्रश्न : छिद्र दाबणारी साधने आणि सुधारित सिरिंज यांचा शोध कसा घ्यावा

रक्तवाहिनीत सुई घालताना डॉक्टर किंवा तंत्रज्ञ रुग्णाजवळ उभा असतो. सुई निघाल्यावर उरलेले छिद्र मात्र बहुधा सिस्टर, वॉर्डातला कर्मचारी किंवा रुग्णासोबत आलेला भाऊच दाबून धरतो. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी राहून नवे उपकरण घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने, कारागिराने किंवा तरुण डॉक्टराने आपला प्रश्न या दुसऱ्या टप्प्यात शोधावा, असे माझे मत आहे. त्यासाठी कॅथलॅब, म्हणजे धमनीतून नळी घालून हृदय तपासण्याची खास खोली, लागत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर परवानगीने दोन तास बसले तरी पुष्कळ काही दिसते.

प्रश्न कुठे दिसतो

पहिली जागा डायलिसिस विभाग. रुग्णाच्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला तयार केलेला असतो, त्यामुळे त्या शिरेतून धमनीसारखे जोरदार रक्त वाहते. तिच्यात दर खेपेला १५ ते १७ गेजच्या (गेजचा आकडा लहान तितकी सुई जाड) दोन जाड सुया घालतात, आणि रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनही दिलेले असते. सुया काढल्यावर साधारण दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ, बोटाने दाबून धरावे लागते. दाब कमी पडला तर रक्त सुटते. फार झाला तर फिस्टुलातला प्रवाहच थांबतो आणि आत गुठळी होऊन फिस्टुला निकामी होऊ शकतो. म्हणून केवळ घट्ट धरणारा चिमटा पुरेसा नाही. तसे चिमटे बाजारात आहेतच. रक्त थांबेल, पण फिस्टुलाची थरथर छिद्राच्या वर आणि खाली बोटाला लागत राहील, इतकाच दाब देणारे आणि तो दाब सिस्टरला दाखवणारे साधन हवे. त्यानंतर हा रुग्ण एसटीच्या गर्दीत, वरच्या दांड्याला हात धरून, गावी परतणार आहे, हेही आराखड्यात धरावे.

दुसरी जागा पावसाळ्यातला सर्पदंशाचा रुग्ण. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. कोरड्या, स्वच्छ काचनळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनी नळी कलती केली तरी वाहते, आणि सुई टोचलेल्या प्रत्येक जागेतून रक्त झिरपत राहते. अशा रुग्णात धमनीला सुई लावणे टाळतात, पण सलाइनसाठी शीर तर घ्यावीच लागते. जे साधन रक्ताच्या स्वतःच्या गोठण्यावर विसंबून आहे, ते इथे उपयोगाचे नाही. इथे बाहेरून, मोजून आणि बराच वेळ दिलेला दाबच कामी येतो. आपले साधन कोणत्या रुग्णासाठी आहे हे एका वाक्यात लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

सिरिंजचा प्रश्नही याच खाटेजवळ सापडतो. प्रतिविषाची भुकटी असलेल्या प्रत्येक कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवायची असते, आणि सुरुवातीलाच अशा दहा कुप्या लागू शकतात. कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून ती हळू फिरवावी लागते. रात्रीच्या पाळीत एकटी सिस्टर हे सारे दहा मिलीच्या सिरिंजने करते तेव्हा तिचा अंगठा दुखतो, सुई वारंवार बुचात घालावी लागते आणि वेळ जातो. सुईशिवाय कुपीला जोडता येणारा, दोन्ही बाजूंनी निर्जंतुक राहणारा साधा जोड हे माझ्या मते नव्या इंजेक्शन गनपेक्षा मोठे काम ठरेल.

आधी कोणी काय केले आहे

पूर्वीचे शोध वाचणे कंटाळवाणे वाटते, पण त्यांतून विचार करण्याची रीत कळते. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुईतून तार आणि तारेवरून नळी धमनीत सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि शस्त्रक्रियेने धमनी उघडी न करता आत जाता येऊ लागले. त्याबरोबर जांघेतल्या मोठ्या धमनीला पडणारे छिद्र हा नवा प्रश्नही आला. पंधरा-वीस मिनिटे हाताने दाबायचे, मग रुग्णाने कित्येक तास पाय न हलवता पडून राहायचे, ही जुनी रीत. १९९० च्या दशकात कोलॅजेनची बुचे, धमनीच्या भिंतीला आतून टाके घालणारी यंत्रे आणि पुढे धातूच्या क्लिपा आल्या. अँजिओ-सील या साधनात शरीरात विरघळणारा एक छोटा नांगर धमनीच्या आत राहतो, कोलॅजेन बाहेर बसते आणि दोऱ्याने दोन्ही एकमेकांवर ओढले जातात. कल्पना देखणी आहे, पण नांगर धमनीत राहत असल्याने तो निसटला तर पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. म्हणूनच शरीरात मागे राहणारी वस्तू नवख्या शोधकाने पहिल्या प्रयत्नाला घेऊ नये.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर मला अधिक आवडते. कॅनडाचे ल्युसिएन कॅम्पो यांनी १९८९ साली मनगटाच्या धमनीतून हृदयाची तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले आणि काही वर्षांतच नेदरलँड्सचे फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. मनगटाची धमनी लहान, त्वचेलगत आणि खाली हाड असलेली. तिला हवेच्या फुग्याचा साधा पट्टा पुरतो आणि रुग्ण लगेच उठून बसतो. छिद्र बुजवण्याचे अवघड यंत्र करण्याऐवजी छिद्राची जागाच बदलली. आपल्या प्रश्नातही असे काही करता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

सिरिंजच्या बाबतीत इंग्लंडच्या मार्क कोस्का यांच्या एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंजचा अभ्यास करावा. दट्ट्या एकदा पूर्ण दाबल्यावर नळीतल्या बारीक कड्यापलीकडे अडकतो, आणि परत ओढला तर तुटतो. त्याहून शिकण्यासारखे हे, की ती सिरिंज कारखान्यांतल्या आधीच्याच यंत्रांवर थोड्या फेरफाराने करता येत होती. नवे साचे, नवे कामगार आणि तिप्पट किंमत लागली असती तर ती नमुन्याच्या पेटीतच राहिली असती.

गावात करता येण्याजोग्या मोजण्या

आकार काढण्यापूर्वी आकडे काढावेत. पाऱ्याचा १२० मिलिमीटर दाब म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. म्हणजे सलाइनची बाटली टेबलापासून तेवढ्या उंचीवर टांगून खाली मऊ रबरी नळी जोडली की धमनीच्या वरच्या दाबाइतका दाब मिळतो. नळीला ठरावीक जाडीच्या सुईने छिद्र पाडावे, वर जाड स्पंज किंवा सिलिकॉनचा थर त्वचेच्या जागी ठेवावा, आणि मिनिटाला किती मिली गळते ते मोजपात्रात पाहावे. मग आपले साधन लावून, खालच्या टोकातून प्रवाह चालू आहे की बंद पडला, हेही त्याच वेळी मोजावे. फिस्टुलासाठी हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पाण्याऐवजी वजनाने सुमारे ४० टक्के ग्लिसरीनचे मिश्रण वापरल्यास दाटपणा रक्ताच्या जवळ येतो, पण तो साधारण २० अंश तापमानाला. मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीत खोलीचे तापमान ४० च्या वर असताना तेच मिश्रण निम्म्याच्या आसपास पातळ होते, म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहावे.

एक गणित स्वतः करून पाहावे. अडीच मिलिमीटरांहून थोड्या जास्त व्यासाच्या छिद्रावर १२० मिलिमीटर दाबाचे रक्त बाहेर ढकलते ते जेमतेम नऊ ग्रॅम वजनाच्या जोराने. तरीही जांघेत माणूस सगळा भार टाकून दाबतो, कारण त्याचा जोर मधल्या चरबीत पसरतो आणि त्वचेवरचे छिद्र व धमनीवरचे छिद्र एका रेषेत नसते. तेव्हा अधिक बळ देणाऱ्या यंत्रापेक्षा थोडे बळ नेमक्या जागी पोचवणारी, पसरू न देणारी गादी शोधणे फायद्याचे.

सिरिंजसाठी सराफाचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. कोरडी सिरिंज सुईसह तोलावी, पाणी भरून दट्ट्या शेवटपर्यंत दाबावा आणि पुन्हा तोलावे. जितके ग्रॅम वाढले तितके मिली पाणी आत अडकून राहिले. नेहमीच्या लहान सिरिंजमध्ये ही वाया जाणारी जागा सुमारे ०.०७ मिली असू शकते, आणि ०.५ मिलीच्या डोसात ती बारीक गोष्ट नाही. दट्ट्याचा घसारा मोजण्यासाठी सिरिंज उभी धरून दट्ट्यावर एकेक वजन ठेवत जावे. तोच अंगठा दहा मिलीच्या सिरिंजपेक्षा एक मिलीच्या सिरिंजमध्ये सुमारे दहापट दाब निर्माण करतो, कारण दट्ट्याचे क्षेत्रफळ तितके कमी असते; लहान सिरिंज जोडताना शीर फुटू नये म्हणून हे लक्षात ठेवावे लागते.

नमुना टिनाच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवून पुन्हा तीच मोजणी करावी. चिकटपट्टी घामाने सुटते, दट्ट्याचे रबर नळीला चिकटते, गोंद मऊ पडतो. त्यानंतरच तो सिस्टरच्या हाती, हातमोजे घालून, काहीही न समजावता द्यावा आणि ती कुठे अडते ते गुपचूप लिहून घ्यावे. वापरलेली सुई कधीही चाचणीसाठी घेऊ नये, स्वतःच्या किंवा मित्राच्या हातावर टोचून पाहू नये, आणि कोऱ्या सुयाही पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यातच टाकाव्यात.

पेटंट आणि परवाने

कल्पना महाविद्यालयाच्या प्रदर्शनात किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीत दाखवण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा. आधी जाहीर केलेल्या गोष्टीचे नावीन्य सामान्यतः संपते. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ प्रमाणे माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळते. म्हणून दाव्यात 'असे दाबावे' असे न लिहिता गादी, कमान आणि दाबदर्शक यांची रचना लिहावी. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे ऑनलाइन जातात, पण नागपुरातच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे आणि तिच्या प्रशिक्षणाचा लाभ घेता येतो.

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले, आणि धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चढते वर्ग ठरले. खालच्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याचे प्राधिकरण देते, वरच्या दोन वर्गांचा केंद्राचे. त्वचेवरून दाबणारे साधन आणि धमनीत उरणारे बूच यांच्या वाटेतला फरक इथे पैशांत आणि वर्षांत दिसतो. चाचणीपुरते थोडे नमुने बनवण्यासाठीही एमडी-१३ नमुन्यातला परवाना लागतो. जोखमीची नोंदवही आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर पहिल्या दिवसापासून ठेवावी. मागाहून आठवून लिहिलेली वही तपासनीस ओळखतात.

माणसावर वापर सुरू करण्याआधी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता हवी, आणि उपकरण नवे असेल तर केंद्रीय प्राधिकरणाचीही. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर इथल्या शिक्षण-रुग्णालयांतल्या एखाद्या डॉक्टराला प्रमुख अन्वेषक म्हणून सुरुवातीलाच सोबत घ्यावे. संमतिपत्र मराठीत असले म्हणजे झाले असेही समजू नये. गडचिरोलीतला रुग्ण माडिया किंवा गोंडी बोलत असेल, मेळघाटातला कोरकू. त्या भाषेत समजावून सांगणारी व्यक्ती कोण आणि ती उपकरणाशी हितसंबंध नसलेली आहे का, याचा उल्लेख अर्जातच करावा.