मृगाआधी माती ओळखून घ्या, ठाणे-कल्याण-भिवंडीकरांनी खास करून

मे महिना लागला की सगळ्यांना बियाण्याची आणि खताच्या गोण्यांची घाई होते, पण त्याआधी आपली माती कुठली आहे ते बघून घ्या मंडळी, कारण आपल्या जिल्ह्यात डोंगराकडे एक माती, खाचरात दुसरी आणि खाडीच्या कडेला तिसरीच, आणि खत मात्र तिन्हीकडे शेजाऱ्याने टाकलं तेवढंच टाकतात. पैसा तिथेच जातो.

मुरबाड, शहापूरकडची वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन घ्या. तांबूस-पिवळट, उथळ, वीतभर खणलं की मुरूम लागतो, पाणी धरत नाही आणि जोराच्या सरीत वरचा चांगला थर वाहून जातो. इथे भाताचा हट्ट नको, नाचणी-वरई बरी, आणि नांगरट उताराला आडवीच करायची. युरिया एकदम टाकला तर पावसाबरोबर धुपून जातो, म्हणून थोडा थोडा, दोन-तीन वेळा द्यायचा. आंब्याची कलमं लावणार असाल तर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे आत्ताच काढून उन्हात तापू द्या.

खाचराची काळी माती आपली खरी भाताची. उन्हात भेगा पडतात, ओली झाली की चिकट, पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवते. ओळखायची तर मूठभर माती भिजवून तळहातावर वळून बघा, लांब वळी होऊन तिचं कडं न तुटता जमलं तर चिकणमाती, वळी होते पण कडं करताना तुटते ती मध्यम, आणि वळीच होत नाही ती रेताड किंवा मुरमाड. सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्र धरतात, म्हणजे गुंठ्याला साधारण सव्वादोन किलो युरिया होतो, तोही हप्त्याहप्त्याने. भात निघाल्यावर याच ओलीवर वाल किंवा हरभरा घेता येतो, म्हणून कापणीनंतर ओल उडू देऊ नका.

आता खाडीच्या कडेची खारी जमीन, हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सांभाळली तर ही जमीन चांगलं भात देते. एप्रिल-मेमध्ये शेतावर पांढरी खपली दिसते ना, ते खालचं मीठ पाण्याबरोबर वर आलेलं असतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं. त्यावर पावसासारखा उपाय नाही. सुरुवातीचं पावसाचं पाणी खाचरात दोन-चार दिवस कोंडायचं आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, सोडून द्यायचं, असं दोन-तीनदा केलं की वरच्या थरातलं मीठ बरंच उतरतं, त्यानंतरच लावणी. रोपं जरा जून घ्या, एका चुडात, म्हणजे एका जागी, चार-पाच लावा, आणि बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं, म्हणजे पनवेल-1, 2, 3 यातलं बघा. कोणी सांगितलं म्हणून जिप्सम ओतत बसू नका, ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे, तपासणीत सामू (pH) साडेआठच्या वर आला तरच त्याचा विचार करायचा.

आणि बांध! आत्ता सुक्यातच बांधावरून चालत जाऊन खेकड्यांची बिळं बघा, अंगठ्याएवढं भोक दिसलं तरी दगड-चिखल ठासून बुजवा, कारण जून-जुलैत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी तिथूनच आत शिरतं आणि धुऊन काढलेल्या शेतात पुन्हा मीठ येतं.

वाशी-नेरूळला गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी लाल माती म्हणून मिळणारी गोणी आधी उघडून बघावी, बऱ्याचदा नुसता मुरूम असतो, तो तसाच भरू नका, निम्मं तरी कंपोस्ट आणि कोकोपीट मिसळा. भराव टाकलेल्या जागेवरची माती तर नकोच, त्यात सिमेंट, चुना काय काय असतं.

तपासणीसाठी मातीचा नमुना काढायचा तर खत टाकायच्या आधी, म्हणजे आत्ताच. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्यायची, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नाही. सगळी एकत्र करून सावलीत सुकवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो राहिली की स्वच्छ कापडी पिशवीत भरा, खताच्या जुन्या गोणीत नको. वरकस, खाचर, खार, तिघांच्या पिशव्या वेगळ्या. आत चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक लिहा, आणि खारीच्या पिशवीवर क्षारता तपासा असं ठळक लिहून द्या, मातीच्या संपृक्त अर्काचा आकडा 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आला तर ती खारवट धरतात.