सिमकोवर लेक ट्राउट: नव्याने आलेल्यांच्या पहिल्या उन्हाळ्यासाठी

मी मूळचा देवगडचा. गरी कशी धरायची हे आजोबांनी खाडीच्या तोंडाशी बसवून शिकवलं. ऑन्टॅरिओतल्या बॅरीत येऊन आता अठरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात नवीन आलेलं एखादं मराठी कुटुंब विचारतं, "काका, इथे मासे गरवायला कुठे जायचं?" तलाव तर दाराशीच आहे, लेक सिमको. पण कोकणातून आलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. गावाकडे आपण उधाण कधी, भांग कधी, पाणी चढतंय की उतरतंय हे बघून निघतो. इथे भरती नाही, ओहोटी नाही. इथे थंड पाणी कुठे आहे ते शोधायचं. ते सापडलं की मासा सापडतो.

पण आधी कागदपत्रं. अठरा ते चौसष्ट वयाच्या माणसाला ऑन्टॅरिओत मासेमारीचं लायसन्स लागतं, आणि सोबत आउटडोअर्स कार्ड, म्हणजे त्यासाठीचं सरकारी ओळखपत्र. लायसन्स दोन प्रकारचं मिळतं, स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसरं स्वस्त, पण त्यावर मासे कमी ठेवता येतात. नवीन माणसाला ते पुरतं. आपल्या घरांत एक चूक हमखास होते. कॅनडात राहणाऱ्या पासष्टीपुढच्यांना लायसन्स लागत नाही, हे ऐकून लोक भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात रॉड देतात. ती सूट इथल्या रहिवाशांची आहे. पाहुण्या आलेल्या आजोबांना लायसन्स काढावंच लागतं. मोटारीची होडी चालवणाऱ्याकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्डही हवं. मासा कधी धरायचा आणि किती ठेवायचे हे तलावागणिक बदलतं, म्हणून सरकारचं त्या वर्षीचं नियमपुस्तक निघण्याआधी वाचा. सिमकोवर उन्हाळ्यात एका माणसाला एकच लाईन, म्हणजे गळाची एकच दोरी.

आता मासा. नावात ट्राउट असला तरी लेक ट्राउट हा 'चार' (char) नावाच्या माशांच्या गटातला. गडद अंगावर फिकट ठिपके, शेपटीला खोल खाच. वाढतो फार हळू, जगतो मात्र कित्येक वर्षं. त्याला साधारण दहा अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सगळा तलावच थंड असतो, तेव्हा तो वरच्या पाण्यातही हिंडतो. जुलैत वरचं पाणी बावीस-तेवीस अंशांवर जातं. तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं. थंड पाणी जड, ते खाली बसतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात काही फुटांतच तापमान झपकन उतरतं. या पट्ट्याला थर्मोक्लाईन म्हणतात. फिश फाइंडरची (पाण्याखाली काय आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) सेन्सिटिव्हिटी वाढवली की पडद्यावर तो धूसर आडवी रेघ होऊन दिसतो. ट्राउट त्या रेघेच्या खाली असतो. सिमकोचं सर्वांत खोल पाणी केम्पेनफेल्ट बेमध्ये, सुमारे ४१ मीटर, म्हणजे बॅरीच्या अगदी समोर. ऑगस्टात मी तिथेच ७० ते १०० फुटांवर गळ सोडतो.

एवढ्या खोल गळ न्यायचा आणि तिथेच टिकवून होडीमागे ओढत राहायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. सगळी साधनं या एकाच अडचणीतून निघाली आहेत.

सर्वांत खात्रीचं साधन डाउनरिगर. होडीच्या कडेला छोटं चाक, त्यावर तार, तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडांचा गोळा. तुमची लाईन गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. खोली काट्यावर दिसते. मासा लागला की लाईन क्लिपमधून सुटते आणि मग रॉडच्या टोकाला फक्त मासा उरतो, वजन नाही. मी आधी वीस-तीस फूट लाईन मागे सोडतो, क्लिप लावतो, रिळावर अंगठा हलका टेकवून गोळा उतरवतो आणि शेवटी रॉडचं टोक चांगलं वाकेपर्यंत लाईन ताणतो. मासा लागला की ते वाकलेलं टोक आधी ताडकन सरळ होतं, क्षणभर सैल दिसतं आणि मग पुन्हा खाली जातं. तेव्हाच रॉड उचलायचा. पण लेक ट्राउट दर वेळी क्लिप सोडवत नाही. लहान मासा असेल तर टोक नुसतं मान डोलावल्यासारखं हलतं. तेवढ्यावर लक्ष नसेल तर त्या बिचाऱ्याला तुम्ही अर्धा तास फरफटवत न्याल.

डाउनरिगर नसेल तर लेडकोर. या लाईनच्या पोटात शिशाची तार असते आणि दर दहा यार्डांवर रंग बदलतो. सावकाश चालवलं तर एक रंग साधारण पाच फूट खाली जातो, म्हणजे दहाही रंग सोडले तरी पन्नास फूट. जूनपर्यंत ते पुरतं, ऑगस्टात नाही. भाड्याच्या छोट्या होडीवर तिसरा मार्ग आहे. तीन कड्यांचं स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) घ्यायचं, एका कडीला लाईन, दुसरीला सहा-आठ औंसांचं शिसं, तिसरीला लांब लीडर (गळाकडचा शेवटचा दोरा) आणि स्पून (चमच्यासारखा पत्र्याचा नकली मासा). शिसं तळाला ठकठक लागत राहिलं पाहिजे. शेवाळ लागलं तर उचलून साफ करायचं.

लुअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. चंदेरी, पातळ, हलका स्पून घ्या. सिमकोत हा मासा सिस्को नावाच्या चंदेरी माशावर जगतो आणि पातळ पत्रा संथ चालीतही तसाच लवलवतो. पहिल्या वर्षी एका दुकानात मला सॅमन माशासाठीचा जाड दोर, मोठे फ्लॅशर (माशाला खुणावणारे चमकते पत्रे) आणि दांडगा रॉड विकला गेला. त्याने लहान मासा लागलेला कळतच नाही. मधल्या ताकदीचा रॉड आणि १० ते १२ पौंडांचा लीडर पुष्कळ झाला. शक्यतो हे जुन्या बाजारात घ्या आणि डाउनरिगर हाताने फिरवायचा घ्या. त्याआधी एकदा गाईडच्या होडीवर दिवस काढा.

सगळ्यात जास्त चुकतो तो वेग. ताशी दीड ते दोन मैल, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. सरळ रेघेत जाऊ नका, नागमोडी जा. वळताना बाहेरच्या बाजूचा गळ वेगाने ओढला जाऊन वर येतो, आतल्या बाजूचा मंदावून खाली बसतो. बाहेरच्या रॉडला मासा लागला तर वेग थोडा वाढवा, आतल्या रॉडला लागला तर कमी करा. मासा मागे येतोय पण घेत नाही, असं पडद्यावर दिसलं तर मोटार दोन-तीन सेकंद न्यूट्रलला टाका. पडणारा स्पून बघून तो झडप घालतो.

वर आणताना घाई नको. मासा वर येताना पोटातली हवा सोडतो, तेव्हा पाण्यावर आधी बुडबुड्यांची माळ दिसते. ती दिसली की जाळी हातात घ्या. होडीजवळ आला की तो अंगाभोवती गिरक्या घेतो आणि लाईनीत स्वतःला गुंडाळतो, म्हणून जाळी रबराची हवी.

थंडी माशाला जगवते, आपल्याला मारते. मे महिन्यात ऊन छान पडतं, अंगात टी-शर्ट असतो, पण पाणी सात-आठ अंशांचंच असतं. इथे १-१०-१ असं शिकवतात. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती जेमतेम दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. त्या पहिल्या मिनिटात लाईफ जॅकेट हातात धरून घालता येत नाही. ते आधीच अंगात हवं, समुद्रात पोहून वाढलेल्याच्याही. वारा फिरला की सिमकोवर आखूड, उभ्या लाटा येतात. पांढरा फेस दिसू लागला की गळ गुंडाळा आणि परत या.

किती मासे ठेवायचे हे निघण्याआधीच ठरवा. दहा अंशांतून ओढून तेवीस अंशांच्या पाण्यात आणलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही, म्हणून ऑगस्टात धर-सोड धर-सोड करत दिवस काढणं मला पटत नाही. ठेवायचे तेवढे झाले की थांबा. या तलावाने पुष्कळ सोसलंय. शेतांतून आणि शहरांतून आलेल्या फॉस्फरसमुळे शेवाळ माजलं, ते तळाशी कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू खाऊ लागलं आणि इथल्या ट्राउटची नैसर्गिक पैदास थांबली. मग हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) पिल्लं सोडून मासा टिकवला गेला. आता थोडी पैदास पुन्हा तलावातच होऊ लागली आहे. २००८ साली तलावासाठी स्वतंत्र कायदाही झाला. हॅचरीच्या पिल्लांचा एखादा पर कापून खूण केलेली असते. तुमच्या माशाचे सगळे पर शाबूत असतील तर तो बहुधा याच तलावाच्या खडकांत जन्मलेला. असा मासा मी परत सोडतो.

ठेवलेला मासा लगेच साफ करून बर्फात घाला. तो बांगड्यासारखा तेलकट, त्यामुळे तिरफळं आणि आगळ घातलेली कढी त्याला छान लागते. मोठ्या माशांत पारा जास्त असतो. कातडी आणि चरबी काढल्याने काही रसायनं कमी होतात, पण पारा मांसातच राहतो. मुलांनी आणि गरोदर बायकांनी किती खावं हे सरकारच्या मत्स्याहार मार्गदर्शिकेत तलावानुसार, लांबीनुसार दिलेलं आहे. लहान मासा चवीलाही बरा.

होडी बाहेर काढल्यावर रॅम्पजवळच तळाचा प्लग काढा, पाणी वाहून जाऊ द्या, ट्रेलरला चिकटलेलं शेवाळ हाताने ओढून टाका. झेब्रा शिंपल्यांसारखे आगंतुक जीव असेच एका तलावातून दुसऱ्यात जातात, आणि २०२२ पासून हे कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या वेळी होडी पाण्यात सोडण्याआधी तोच प्लग परत बसवलाय ना, हे हात लावून बघा.